सासऱ्यांसाठी ग्राफिक्स कार्ड

मी मत्सरी माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना तसा गैरसमज व्हायची दाट शक्यता आहे. शाळेत भूगोल शिकवणाऱ्याला मत्सर परवडतच नाही. दुसऱ्यांच्या नद्या, दुसऱ्यांची बंदरं, दुसऱ्यांचे बर्फाचे डोंगर रोज फळ्यावर काढायचे आणि घंटा झाली की शांतपणे पुसून टाकायचे, हाच आमचा धंदा. पण देव प्रत्येकाच्या मागे काहीतरी लावून देतो. माझ्यामागे त्यानं साडू लावला, आणि तोही हॅम्बुर्गचा.

त्याचं नाव ऑगस्टीन. आमच्या कुमासी शहरात त्याला सगळे बोर्गा म्हणतात. हॅम्बुर्गला जाऊन आला तो बोर्गा, मग तो तिथे काहीही करत असो. आमचा बोर्गा तिथे नेमकं काय करतो हे बावीस वर्षांत मला कळलेलं नाही. तो दर दोन वर्षांनी चॉकलेटं, अत्तर आणि चालणं बदलून येतो आणि माझी बायको डोर्कास म्हणते, "बघा, ऑगस्टीन किती तरतरीत दिसतो!" मीही तरतरीत दिसलो असतो. मला कोणी विमानात बसवलेलं नाही, एवढाच फरक आहे.

तर झालं असं, की आमचे सासरे, ड्रायव्हर अन्सा, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी दुपारच्या झोपेत गेले. आयुष्यभर कुमासी–ताकोराडी गाडीचं इंजिन हाकलेला माणूस, गेलाही वेळेवर. आमच्याकडे गेलेल्याला लगेच पुरायची घाई कोणी करत नाही. मांडव ठरायचा, कापड ठरायचं, परदेशातल्यांची तिकिटं निघायची; तोवर मंडळी शवागारात गारव्याला असतात. सासरे अडीच महिने तिथे होते. त्या अडीच महिन्यांत एक दिवस कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर बोर्गाचा आवाज आला.

"सासऱ्यांची फिल्म मी करवून घेतोय. इथं माझ्या ओळखीचा माणूस आहे. इंजिन ढगात जातं आणि वर सासरे हात हलवतात, असं काहीतरी. पोस्टरही तोच करील. मास्तरांना कशाला त्रास?"

मास्तर म्हणजे मी. कशाला त्रास! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, गेली अकरा वर्षं तफो भागातल्या निम्म्या मयतांची पोस्टरं माझ्या हातची आहेत. शाळा सुटली की घरी माझं तेच काम. कुणाला 'स्वर्गाची हाक' लिहायचं, कुणाला 'केवढा हा धक्का', कुणाच्या पाठी कबुतरं, कुणाच्या पाठी नुसतं आभाळ, हे लोक मला विचारायला येतात. आणि सासरे स्वतः मला म्हणाले होते, व्हरांड्यात, रेडिओचा कान पिळता पिळता, "मास्तर, माझं पोस्टर तुझ्याच हातचं हं. त्या ऑगस्टीनला देऊ नकोस. तो मला मर्सिडीजमध्ये बसवील." मी हातात हात देऊन हो म्हटलं होतं. म्हाताऱ्याला दिलेला एवढा एकच शब्द माझ्याजवळ होता आणि तो हॅम्बुर्गहून कोणीतरी उचलून नेत होतं.

कुटुंबप्रमुख ओपान्यिन द्वोमो, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचे थोरले चिरंजीव. आमच्याकडे मयत बायको-मुलांचं नसतं, आईकडच्या घराण्याचं असतं. तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी निकाल दिला की पोस्टर मास्तरनं करावं, ते चांगलं झालं तर फिल्मही त्यानंच करावी, नाही झालं तर दोन्ही हॅम्बुर्गला. कापड काळं-पांढरं ठरलं. भरल्या वयात गेलेल्याला काळं-पांढरंच. लाल फक्त अकाली गेलेल्याला, अपघातात गेलेल्याला, ज्याच्या जाण्यानं काळीज फाटतं त्याला. हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही.

मी त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरला फिल्मचा नवा प्रोग्रॅम घातला. कॉम्प्युटर चौदा वर्षांचा, शाळेच्या लिलावातला, अंगानं सडपातळ. त्यानं थोडा वेळ घरघर केली आणि पडद्यावर पाटी आली, की या यंत्रात योग्य ग्राफिक्स कार्ड नाही.

"नाही म्हणतंय तर राहू दे ना," डोर्कास म्हणाली. "ऑगस्टीन करतोय की."

ते शेवटचे तीन शब्द ती बोलली नसती तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी अडुमच्या बाजारात मॅडम पेर्पेतुआच्या दुकानात उभा होतो. ही बाई स्टुलावर बसून कॉम्प्युटरची आतडी विकते आणि गिऱ्हाइकाकडे डॉक्टरीणबाईंसारखी बघते.

"नवीन कार्ड हवंय," मी म्हटलं.

"नवीन?" तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "मास्तर, शिकले-सवरलेले तुम्ही. नवीन म्हणजे नकली. मी तुम्हाला होम-यूज्ड देते. लंडनच्या घरात वापरलेलं."

हे अगदी खरं आहे. आमच्याकडे 'होम-यूज्ड' या शब्दाला जो मान आहे, तो बिशपलासुद्धा नाही. गोऱ्या माणसाच्या घरात दहा वर्षं चालला तो फ्रीज आपल्याकडे वीस वर्षं चालणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नव्याची हमी कोण देणार?

"जर्मनीतल्यापेक्षा चांगलं आहे का?" मी सहज विचारलं.

"जर्मनीतलं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. आपलं सहज."

तिनं दोन पंख्यांचं, हातभर लांब, वजनानं चांगल्या मसाल्याच्या पाट्याएवढं कार्ड काढलं. "यात रंग असे खोल दिसतील, की तुमचा तुमच्याच डोळ्यांवर विश्वास बसणार नाही." बाई बोलली ते अक्षरशः खरं ठरलं, मी तिच्यावर खोटेपणाचा आरोप कधीच करणार नाही.

घरी आलो तेव्हा आवारात दोन शेजारी हजर होते. मिस्टर बॅफो, फ्रीज दुरुस्त करणारे, केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा उंडा, आणि तळलेला मासा खात बसले होते. त्यांनी रीतीप्रमाणे "या, जेवायला" म्हटलं आणि रीतीप्रमाणे मी नको म्हटलं. दुसऱ्या सिस्टर युनीस, चर्चमध्ये लोकांना बाकांवर बसवतात आणि उरलेल्या वेळात लोकांचं काय चाललंय ते बघतात.

मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत चौदा वर्षांची धूळ आणि एक वाळलेली पाल निघाली.

"अगंबाई! ही असताना चालत होता, हे नशीब समजा," युनीस म्हणाल्या. "आता काढलीत, आता बघा."

कार्ड घालायला गेलो, तर ते आत जाईना. नाकापेक्षा मोती जड! पुढचं टोक डिस्क ठेवायच्या पिंजऱ्यावर आपटत होतं. बॅफोंनी हात धुतले, पुसले, उठले आणि ज्या शांतपणे आमच्या आवारातले आजवरचे सगळे घोटाळे सुरू झाले त्या शांतपणे म्हणाले, "मास्तर, पिंजरा कापू. फ्रीजमध्ये आम्ही नेहमी कापतो."

"पण हा फ्रीज नाही."

"पंखा आहे? आहे. गरम होतो? होतो. मग फरक काय?"

त्यांनी लोखंडाची करवत आणली. अर्धा तास किरकिर चालली. शेजारपाजारची पाच-सहा मंडळी जमली. कुणी तरी विचारलं, मयत घरात आहे की शवागारात. पिंजरा कापून बाहेर आला, त्याबरोबर पुढचा दरवाजाही आला. डिस्क आता कुठेच बसेना, ती मी शूजच्या खोक्यात ठेवली आणि खोकं कॉम्प्युटरशेजारी. कार्ड मात्र खटकन बसलं. मला त्या खटक्याचा जो आनंद झाला, तो लग्नातही झाला नव्हता. हे डोर्कासला सांगायची गरज नाही.

बटण दाबलं. काही नाही. कार्डाच्या पोटाला वेगळी वीज लागते, म्हणे, आणि ती द्यायची वायर आमच्या जुन्या वीजपेटीत नव्हतीच. मोठी पेटी हवी. मला आठवलं, शाळेच्या कोठारात मोडीत काढलेले चार कॉम्प्युटर आहेत आणि त्यांच्या पेट्या चांगल्या दणकट आहेत.

कोठारपाल मिस्टर अट्टाकोरा हे फार नियमाचे गृहस्थ. ते म्हणाले, "मास्तर, मोडीत काढलेली वस्तू कागदावर नसते. जी वस्तू नाही, ती उसनी कशी देणार?"

"पण ती समोर दिसतेय की!"

"दिसते, ते वेगळं. तुम्ही अर्ज करा. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांची शिफारस लागेल."

कॉम्प्युटर विभागाला तीन वर्षं प्रमुख नाही. हंगामी प्रमुख कोण? मी. तेव्हा मी मला अर्ज लिहिला. तो परत आला, कारण मी तो मला परस्पर दिला होता. अर्ज योग्य मार्गानं, म्हणजे हेडमास्तरांमार्फत यायला हवा. हेडमास्तर एका अधिवेशनाला गेले होते. ते चार दिवसांनी आले, त्यांनी अर्ज माझ्याकडे पाठवला, मी त्यावर 'अर्जदार माझ्या परिचयाचे असून विश्वासू वाटतात' असं लिहिलं आणि परत पाठवला. हेडमास्तरांनी 'वाटतात' खाली रेघ मारून खुलासा मागवला. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातलं शिंगरू मी. आठव्या दिवशी पेटी मिळाली. ती आमच्या सडपातळ खोक्यात मावेना, म्हणून ती बाहेर एका स्टुलावर बसली. आता एक कॉम्प्युटर तीन ठिकाणी राहत होता, शेतीवाडीच्या वाटण्या झालेल्या भावांसारखा.

तेवढ्यात व्हॉट्सॲपवर बोर्गानं नमुना पाठवला. इंजिन, ढग, ढगांवर सासरे. आणि काय सांगू, छान होता हो! इतका छान होता, की मी तो एकवीस वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी माझं पोट नव्यानं दुखलं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. डोर्कासनं तर दोनदा टाकली.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"बोट लागलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही कशाला मोजताय?"

आता पडदा जोडायचा. पडदा माझा जुना, त्याच्या वायरीला पंधरा पिनांचं निळं तोंड; कार्डाला तसलं भोकच नाही. पुन्हा अडुम, पुन्हा पेर्पेतुआ, पुन्हा ते डॉक्टरीणबाईंसारखं बघणं. तिनं मधे लावायचा एक तुकडा दिला. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! तुकडा लावला, त्यात वायरीचं तोंड खुपसलं. जाईना. मी ते उलटं धरलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, वस्तू लंडनची आहे, तिला जरा आब आहे. मी गुडघा लावून दाबलं. आत काहीतरी वाकल्यासारखं झालं. सरळ करून पुन्हा दाबलं, आणि गेलं. मी बटण दाबलं. आणि पडदा उजळला!

आवारात टाळ्या झाल्या. युनीसबाईंनी "हालेलुया" म्हटलं. पडद्यावर सगळं कसं निळसर-हिरवट, गार, पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसत होतं.

"हे सगळे आजारी का दिसतायत?" डोर्कासनं आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघत विचारलं.

मीही क्षणभर चरकलो. पण बॅफोंनी पुढे होऊन, डोळे बारीक करून निर्वाळा दिला, "थंड रंग आहे, थंड! उंची फ्रीज उघडलात, की आत अस्साच उजेड असतो. आपल्या डोळ्यांना सवय नाही."

पेर्पेतुआ नव्हती का म्हणाली, डोळ्यांवर विश्वास बसणार नाही म्हणून? मी ठरवलं, की विश्वास न बसणं हाच याचा गुण आहे. सासऱ्यांचा फोटो उघडला. इंजिनाच्या खिडकीतून बाहेर वाकलेले, टोपी मागे सरकवलेली, हसतायत. जरा निळे दिसत होते. पण अडीच महिने गारव्याला असलेला माणूस, थोडाफार निळा दिसायचाच, असं मी मनाशी म्हणालो. मत्सरानं आंधळा झालेला माणूस काय वाटेल ते मनाशी म्हणतो.

पोस्टरला मी नेहमी जुन्याच आराखड्यात नवं नाव घालतो. जाड काळी किनार आणि नावामागे काळी पट्टी असलेला एक आराखडा दिसला, वजनदार वाटला, तोच घेतला. 'केवढा हा धक्का' खोडून 'स्वर्गाची हाक' लिहिलं. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. 'केवढा हा धक्का' मी कधी म्हाताऱ्यांना लिहीत नाही. तो आराखडा आमच्या गणिताच्या मास्तरांच्या धाकट्या भावाचा होता, एकोणतिसाव्या वर्षी लॉरीखाली गेलेल्या पोराचा. पण त्या वेळी माझ्या डोक्यात सासरे नव्हते, गणिताचे मास्तर नव्हते. एकच चित्र होतं: मांडवात बोर्गा माझ्या पोस्टरपुढे उभा आहे आणि त्याला शब्द सुचत नाहीये.

फाइल कापडी बोर्ड छापणाऱ्या बाईकडे नेऊन दिली. दोन मोठे बोर्ड, एक चौकात, एक घराच्या भिंतीवर. लावूनही तीच माणसं देतात. दुसऱ्या दिवशी वर्गात असताना तिचा फोन आला.

"मास्तर, रंग फार जोरात आलाय हो. असाच हवाय ना?"

माझी छाती फुगली. चाळीस मुलांसमोर मी म्हणालो, "बाई, तो कार्डाचा प्रताप आहे. तुम्ही बिनधास्त लावा."

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम चौकातून निघालो. नवे कपडे घातले होते, लोक अभिनंदन करतील म्हणून. बोर्ड लांबूनच दिसला. लाल! किनार लाल, पट्टी लाल, कोपरे लाल, रक्तासारखा लालभडक, आणि मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचे ड्रायव्हर अन्सा टोपी मागे सारून हसतायत. खाली दहा-पंधरा माणसं डोक्याला हात लावून उभी होती.

युनीसबाई धावत आल्या. "मास्तर, खरं सांगा, काय कळलंय तुम्हाला? लोक म्हणतात, ड्रायव्हर आपल्या मरणानं गेले नाहीत, घरच्यांनाच संशय आहे, म्हणून लाल लावलंय. कोणीतरी काहीतरी खाऊ घातलं म्हणे. बोर्गानं महिनाभर आधी हॅम्बुर्गहून गोळ्या पाठवल्या होत्या, त्याच ना?"

शक्तीच्या गोळ्या होत्या त्या, व्हिटॅमिन. मला ठाऊक होतं. मीच सासऱ्यांना बाटलीवरचं वाचून दाखवलं होतं. पण खोटं कशाला बोलू? बोर्गाचं नाव त्या वाक्यात ऐकलं आणि मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याबद्दल वाईट बोलत होतं. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, पण जरा उशिरानं उघडलं, आणि तेवढ्यात युनीसबाई पुढच्या माणसाकडे पोचल्या होत्या.

संध्याकाळी बोलावणं आलं. बोर्गा त्याच दिवशी विमानानं उतरला होता आणि येताना रस्त्यात तीन ठिकाणी लोकांनी त्याच्याशी हात मिळवला नव्हता. सासरवाडीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. तो कोपऱ्यात बसला होता, चालणं नव्हतं, अत्तर नव्हतं, हातातला रुमाल नुसता पिळत होता. मला वाटलं होतं, त्याला असं बघून बरं वाटेल. मला काही बरं वाटलं नाही.

आधी पाणी दिलं. पाणी प्यायल्याशिवाय आमच्याकडे खुनाचीही चौकशी होत नाही. मग ओपान्यिन द्वोमो बोलले. कुटुंबप्रमुख थेट बोलत नाहीत. ते त्यांच्या ओक्यामेला सांगतात आणि तो मोठ्यानं, गोड करून सांगतो.

"विचार त्या गाढवाला, लाल कशासाठी?" द्वोमो म्हणाले.

"वडीलधारे विचारतात, विद्वान जावईबुवांचा लाल रंगामागे काय विचार होता?" ओक्यामे म्हणाला.

मी उभा राहिलो. दोन वाटा होत्या. एक, गप्प बसायचं. फिल्मही माझी, पोस्टरही माझं, आणि संशय हॅम्बुर्गचा. दुसरी, अब्रू मातीत. मी कोपऱ्याकडे पाहिलं. बोर्गा माझ्याकडेच बघत होता, शाळेत मुलं बघतात तसा.

"पिन वाकडी होती," मी म्हणालो.

ओक्यामेनं द्वोमोंकडे पाहिलं. याचं गोड करून काय सांगावं, हे त्यालाही कळेना.

मग मी सगळं सांगितलं. वायरीच्या पंधरा पिनांतली एक लाल रंग नेते, ती मी गुडघा लावून वाकवली. म्हणून माझ्या पडद्यावर लाल काळं दिसत होतं, आणि मी लॉरीखाली गेलेल्या पोराचा आराखडा सासऱ्यांना लावला. कोणी कोणाला काही खाऊ घातलेलं नाही. गोळ्या व्हिटॅमिनच्या होत्या, मी स्वतः वाचल्यात. "हे सगळं मी ऑगस्टीनवरच्या जळफळाटातून केलं," असंही बोलून गेलो, ते बोलायचं ठरलेलं नव्हतं. डोर्कासनं डोळ्यांवर पदर घ्यावा तसा रुमाल घेतला.

"बोर्ड उतरवा," द्वोमो म्हणाले. "सगळं काम हॅम्बुर्गला."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या.

त्या तोवर भिंतीला टेकून, भिंतीवरच्या त्या लाल बोर्डाकडे बघत बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांची बाई, बैठकीत कधी तोंड न उघडणारी. ओक्यामेमार्फत वगैरे न जाता त्या सरळ बोलल्या.

"पिन वाकडी असेल. रंग बरोबर आहे."

त्या भिंतीचा आधार सोडून ताठ बसल्या.

"अठ्ठ्याऐंशी तुम्हाला पुष्कळ वाटतात. मला विचारलं का कोणी? बासष्ट वर्षांचा संसार. त्यातली निम्मी ते ताकोराडीला, निम्मी वाटेत. घरी आले तर झोपायला. रिटायर झाले तेव्हा रेडिओशी बोलायचे. माझ्याशी बोलायला लागले त्याला सहा वर्षं होतायत. आत्ता कुठे आमचं नीट भांडण व्हायला लागलं होतं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही. "माझ्यासाठी ते लवकर गेले. तुम्ही काळं-पांढरं नेसा, तुमचा म्हातारा गेलाय. मी लाल नेसणार. बोर्ड राहू दे. आणि मास्तर..."

"हो, आई."

"फोटो छान लावलास. मर्सिडीज नाही."

मग द्वोमो ओक्यामेला काहीतरी म्हणाले, आणि ओक्यामेनं ते पहिल्यांदाच जसंच्या तसं सांगितलं: "फिल्म मास्तर करील."

निघताना बोर्गानं मला दाराशी गाठलं. आता हा मला काय ऐकवतो, म्हणून मी तयारीत राहिलो. तो हळूच म्हणाला, "साडूभाऊ, उपकार झाले. एक विचारू? सासूबाई माझ्याबद्दल असं कधी काही बोलत नाहीत. दर वेळी फोनवर ऐकवतात, मास्तर शनिवारी येतो, मास्तर रेडिओ लावून देतो. बावीस वर्षं ऐकतोय." आणि रुमाल खिशात कोंबत, "ते कार्ड कुठे मिळालं? आमच्याकडे असलं नसतं."

मी त्याला पेर्पेतुआचा पत्ता दिला. नवीन मागू नकोस, एवढंही बजावलं.

फिल्म मी केली, सरळ पिनेच्या वायरीनं; त्याच्या ढगांवर माझे सासरे, दोघांनी मिळून. ती मांडवात अकरा सेकंद चालली आणि वीज गेली. कोणी तक्रार केली नाही, कारण कोणी पडद्याकडे बघत नव्हतं. सगळा मांडव काळा-पांढरा आणि मधोमध एक लाल लुगडं. सगळे तिकडेच बघत होते, मीही.

आणि आता खरी गोष्ट सांगतो. बोर्गाबद्दलचं माझं पोट त्या दिवसापासून दुखायचं थांबलं, पण दुसरीकडून सुरू झालं. मला सासऱ्यांचा हेवा वाटायला लागला. गेलेल्या माणसाचा! अठ्ठ्याऐंशी वर्षं जगून वर कोणीतरी म्हणतं, लवकर गेले; याहून मोठं माणसाला काय मिळायचं असतं? मला चैन पडेना. दोन-तीन दिवस मनात घोळवून शेवटी चहाच्या वेळी डोर्कासला विचारलंच.

"समजा, मी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेलो. तू काय नेसशील?"

ती व्हरांड्यात टोमॅटो निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही आधी अठ्ठ्याऐंशीचे तर व्हा," ती म्हणाली. "मग बघू, कुठलं धुतलेलं असेल ते."

मी कपात घातलेली तिसऱ्या चमच्याची साखर, विरघळायच्या आत, हळूच काढून परत डब्यात टाकली. अजून चौतीस वर्षं काढायची आहेत.